गाडी कोणाच्या नावावर

२ मार्च

दादा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन आहेच, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू पहिल्याच अक्षरावर अडतोस, मला धीर निघत नाही, मी तुझं वाक्य भलतंच पुरं करते, आणि तू ‘हं’ म्हणून फोन वहिनीकडे देतोस. आजचं काम कागदपत्रांचं आहे, त्यात ‘हं’ चालणार नाही. म्हणून लिहितेय, आणि तूही लिही.

इथे येऊन दोन महिने होतील. खोली तळमजल्यावर मिळाली, त्यामुळे जिन्याची कटकट नाही. ओटा मात्र उंच आहे. एका कुबडीवर भार टाकून पोळी लाटते, तेव्हा मी नाचते आहे असं खिडकीतून जाणाऱ्यांना वाटत असेल. काम मात्र मनासारखं. लॅबमध्ये आम्ही सहा जण. माझ्याकडे मेणातले दात कोरून कवळी उभी करायचं काम. पहिल्या आठवड्यात मालकीणबाईंनी माझी एक कवळी उलटसुलट करून पाहिली आणि माझ्या टेबलावर अवघडातली केस आणून ठेवली. त्यावरून काय ते समज.

आता मुद्दा. पुढच्या जानेवारीच्या मध्यात लॅब गावाबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत जाणार आहे. तिथे बस जात नाही. मालकीणबाई म्हणाल्या, “यायचं कसं ते तू बघ. आलीस तर तुझी जागा आहे.” इथल्या दुकानातून गाडी घेऊन तिला हाताचा ब्रेक आणि हाताचा ॲक्सिलरेटर बसवायचा म्हटलं, तर नंबर लागायला दीड वर्ष. पाय नसल्यासारखेच असलेली माणसं इथेही पुष्कळ आहेत म्हणायची!

म्हणून माझीच गाडी बोलावून घ्यायची ठरवलंय. कस्टमच्या खिडकीत एक चष्मेवाल्या बाई बसतात, त्यांनी सगळं समजावलं. राहायला आलेल्या माणसाला आपली एक गाडी घरसामानात आणता येते. अटी दोनच. गाडी कमीत कमी सहा महिने त्याच्या स्वतःच्या नावावर असली पाहिजे, आणि माणूस आल्यापासून वर्षाच्या आत तिचे कागद कस्टममध्ये दाखल झाले पाहिजेत. मी पाच जानेवारीला आले. म्हणजे वेळ भरपूर, आणि गाडी तर नऊ वर्षं माझ्या नावावर आहे.

तेव्हा गाडीचं नोंदणी पुस्तक, विमा आणि चारही बाजूंचे फोटो पाठव. हाताने ब्रेक-ॲक्सिलरेटर चालवायला तू बनवलेल्या दांड्याचाही फोटो पाठव, जवळून. इथेही गाड्या आपल्याच बाजूने चालतात, हे एक नशीब.

वहिनीला सांग, तिची मसाल्याची बरणी प्लास्टरच्या बाजूला ठेवली होती, थोडक्यात कवळीत मसाला जाणार होता.

तुझी
बारकी

२० मार्च

बारकीस,

पत्र मिळालं. गाडी बाहेर काढून धुतली. खालून पण धुतली. तिकडे चिखल चालत नाही असं ऐकलं. चाकांच्या कमानी ब्रशने घासल्या. बॅटरी नवी टाकली. पुढचे ब्रेक पॅड बदलले. हॅंडब्रेकची तार थोडी सैल होती, ओढून घेतली.

फोटो पाठवतोय, चौदा आहेत. दांड्याचे तीन. एकात माझा अंगठा आलाय, तो तू समजून घे.

विम्याचा कागद पण सोबत आहे. नोंदणी पुस्तक ऑफिसात नूतनीकरणाला दिलंय. आलं की पाठवतो.

ओटा उंच असेल तर पायाखाली काही घेऊ नकोस, पडशील. सुताराकडून ओट्यापुढे खाली एक फळी ठोकून घे. बसून लाटता येईल. माप लिहितो: बसल्यावर कोपर जिथे येतं, त्याच्या चार बोटं खाली.

दादा

८ एप्रिल

दादा,

फोटो बघून जीव सुखावला. अंगठा ओळखला. लॅबमध्ये सगळ्यांना दांडा दाखवला. पॉलिशचं काम करणारी म्हणाली, “हे कुठल्या कंपनीचं?” मी म्हटलं, “घरचंच आहे.”

विम्याचा कागद चष्मेवाल्या बाईंना नेऊन दिला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, “इथे नाव दुसरं कोणाचं आहे.” मी बघितलं, तर तुझं. म्हटलं, विमा भाऊ भरतो म्हणून असेल. त्या म्हणाल्या, असेल. पण पुस्तक आणा, पुस्तकाशिवाय पुढे नाही. तेव्हा नूतनीकरणवाल्यांच्या मागे लाग बरं. तुला बोलायचा कंटाळा असेल तर वहिनीला पाठव. ती त्यांना बाकावर उभं करील.

अक्षर वाकडं आलंय, टेबल डुगडुगतं. पत्रही आटोपतं घेते.

बारकी

२९ एप्रिल

बारकीस,

पुस्तक अजून नाही.

मी विचार करत होतो. गाडी जुनी झाली आहे. एवढा समुद्रप्रवास, खारी हवा, पत्रा खाईल. तिथेच एखादी बघितलीस तर? दीड वर्षाची रांग म्हणतेस, पण नाव तर लावून ठेव. तोवर मालकीणबाईंना विचार, घरून काम देतात का. मेणाचं काम घरी होतं.

राग मानू नकोस.

दादा

१० मे

दादा,

राग मानू नकोस असं आधीच लिहिलंस, म्हणजे मानण्यासारखं काही आहे हे तुलाही ठाऊक आहे.

घरून काम! दादा, घरून काम करायचं असतं तर मी आपल्याच घरात, मागच्या खोलीत बसून जन्म काढला असता. आईची तर तीच इच्छा होती. मला त्या खोलीतून बाहेर काढलं ते तू. गॅरेजमागच्या मैदानात तू मला गाडी शिकवलीस. मी दोनदा कुंपणाला धडकवली तरी तू हूं की चूं केलं नाहीस. आणि आता तूच म्हणतोस, घरी बस?

मला सरळ वाटतं ते लिहिते. गाडी तुम्हा दोघांच्या अंगवळणी पडली आहे. वहिनी बाजारात नेत असेल, तू सुटे भाग आणायला. वापरा ना, माझी ना नाही. पण मग तसं सांग. ‘पत्रा खाईल’ काय, ‘नूतनीकरण’ काय! सात आठवडे कुठलं ऑफिस नूतनीकरण करतं? वस्तू माझी आहे. माझ्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी तू सह्या घेतल्यास, वाढदिवशी संध्याकाळी येऊन म्हणालास, “झालं तुझ्या नावावर.” ते पेढे मला अजून आठवतात.

माझं पुस्तक पाठव. एवढंच.

बारकी

२४ मे

बारके,

हे पत्र मी लिहिते आहे. ह्यांना माहीत आहे, समोर बसलेत आणि गेला तासभर एकच पाना पुसताहेत.

गाडी आम्ही वापरत नाही. तू गेल्यापासून ती ताडपत्रीखाली आहे. हे दर रविवारी सुरू करतात, दहा मिनिटं चालू ठेवतात आणि बंद करतात. बाजारात मी चालत जाते. हे आधी तुझ्या डोक्यातून काढ, मग पुढचं वाच.

गाडी तुझ्या नावावर नाही. ती ह्यांच्याच नावावर आहे, पहिल्यापासून.

तू सह्या केल्यास त्या दिवशी हे नोंदणी ऑफिसात गेले होते. तिथल्या साहेबाने दांडा बघितला आणि म्हणाला, हे असलं घरगुती लचांड मी माझ्या पुस्तकात लिहिणार नाही. दांडा काढा, नाहीतर मुलीचं नाव काढा. ह्यांना बरंच सांगायचं होतं. तू बघितलंयस ना, ते अडकले की मान कशी एका बाजूला जाते? रांगेतली माणसं हसली. साहेब म्हणाला, “ज्याला बोलता येतं अशा कोणाला तरी घेऊन या.” असे तीनदा जाऊन आले. तिसऱ्या दिवशी घरी आले, तू नवा ड्रेस घालून दारात बसली होतीस, आणि ह्यांच्या तोंडून निघून गेलं, “झालं तुझ्या नावावर.” ते एवढं वाक्य मात्र न अडखळता निघालं.

मी म्हटलं, उद्या सांगा. उद्याची नऊ वर्षं झाली. विमा भरायची वेळ आली की ह्यांचं जेवण कमी व्हायचं. पुस्तक ह्यांनी तुझ्या हाती कधी पडू दिलं नाही, पण तुला रस्त्यात कोणी अडवलं, पुस्तक मागितलं, तर? मी कितीदा म्हटलं असेल, पण नवरा-बायकोतलं म्हणून मीही गप्प राहिले. ती चूक माझी. मला दोघांच्या मधे उभं राहायचा आता कंटाळा आलाय.

आणि तू पण सांग. तुझं आठ एप्रिलचं अक्षर टेबलाने वाकडं झालेलं नाही. हाताला काय झालंय?

वहिनी

३ जून

दादा,

वहिनीचं पत्र मिळालं. दोन दिवस तुला काय काय लिहायचं ते मनात लिहून फाडत होते. शेवटी जे उरलं ते लिहिते.

वाईट वाटलं. गाडी नावावर नाही याचं कमी. नऊ वर्षं मी लोकांना सांगत फिरले की माझी स्वतःची गाडी आहे, आणि तू शेजारी उभा राहून ऐकत होतास, त्याचं जास्त. त्या ऑफिसात मला का नेलं नाहीस? मी बोलले असते. कदाचित म्हणूनच नेलं नाहीस. ते तुला काय म्हणाले हे मी ऐकू नये म्हणून.

दहा मेच्या पत्रात मी जे लिहिलं ते मागे घेते. वहिनीची वेगळी माफी मागेन, फोनवर, मोठ्याने.

आता माझं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बसच्या पायरीवरून पडले. उजवं मनगट मोडलं. तीन आठवडे प्लास्टर होतं, तीन आठवडे लॅबमध्ये नुसते साचे ओतले, डाव्या हाताने. आता बरं आहे, कोरायला लागले. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास परत ये. तेव्हा खोटं बोलण्यात आपण दोघं सख्खी भावंडं आहोत.

पुढचं काम ऐक. चष्मेवाल्या बाईंकडे गेले आणि खरं ते सांगितलं. त्यांनी कॅलेंडर काढून बोटं मोजली. आज नाव बदललं तर सहा महिने डिसेंबरात भरतात. माझं वर्ष पाच जानेवारीला संपतं. पाच जुलैच्या आत पुस्तकावर माझं नाव चढलं, तरच जमतं. सहा जुलैला चढलं तर नाही. गाडी बंदरात आधी येऊन पडली तरी चालेल, कागद मात्र त्या मधल्या दिवसांतच दाखल करायचे. आणि पुस्तकात हाताच्या ब्रेकची नोंदही हवी, नाहीतर इथले तपासनीस गाडीला हात लावणार नाहीत. ते दांड्याचा मापासकट नकाशाही मागतात.

सह्या केलेले अर्ज आणि तुझ्या नावाचं अधिकारपत्र सोबत आहे.

तुला पुन्हा त्याच ऑफिसात जायला लागणार. दुसरा मार्ग असता तर मी तो लिहिला असता.

बारकी

१ जुलै

बारकीस,

झालं. या वेळी खरंच झालं. पुस्तकाच्या पानाची प्रत सोबत आहे. तारीख २७ जून. नाव नीट वाच, स्पेलिंग बरोबर आहे का बघ.

सगळं लिहितो, तू विचारशीलच.

आधी नकाशा काढला. कागदावर बसलो तेव्हा कळलं की मी तो दांडा कधी मोजून केलाच नव्हता. तुला सीटवर बसवून, तुझा हात धरून, इथे बरं वाटतं का विचारत विचारत वाकवला होता. आता उलट मोजून काढला. आठ दिवस गेले. बाजूने, वरून आणि जोडाचा मोठा करून, अशी तीन चित्रं.

ऑफिसच्या फाटकाशी एक एजंट बसतो. त्याने कागद बघितले आणि म्हणाला, जानेवारीची तारीख घालून देतो, सहा महिन्यांची भानगडच नको. मी नको म्हटलं. मान हलवून म्हटलं, पण त्याला कळलं.

तुझी वहिनी बरोबर आली होती. तिला बाहेर थांबायला सांगितलं. ती चिडली, पण थांबली.

साहेब बदललाय. आता बाई आहे. मी रांगेत अकरावा. खिडकीशी पोचलो. ती म्हणाली, “बोला.” मला ‘बहिणीची गाडी’ म्हणायचं होतं. ‘ब’वर अडकलो. मान गेली एका बाजूला. मागचा म्हणाला, “ओ मालक, आटपा, जेवणाची सुट्टी होईल.” कोणीतरी हसलं. नऊ वर्षांपूर्वी मी इथूनच फिरलो होतो. या वेळी खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली. किती वेळ लागला माहीत नाही. घाम कोपरापर्यंत आला. पण वाक्य पुरं केलं. मग दुसरं केलं. तिसऱ्याला तिने हात पुढे करून कागद मागितले.

नकाशा बघून ती उठून बाहेर आली. गाडीत बसली, पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली, आणि नुसत्या हातांनी आवारात दोन फेऱ्या मारल्या. एकदा जोरात ब्रेक लावला. वहिनी फाटकाशी होती, तिने डोळे मिटले.

बाई उतरून म्हणाली, “छान थांबते. मी चालवून पाहिली आणि थांबली, एवढं लिहीन. आतून जोड कसा आहे ते तपासायचं साधन माझ्याकडे नाही. तिकडे तपासतील.” मी म्हटलं, चालेल.

गाडी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या जहाजावर चढवतो. सहा आठवडे लागतात म्हणतात.

मनगट गरम पाण्यात शेकत जा. रबरी पट्टीची गुंडाळी पाठवतोय, कुबडीच्या मुठीला गुंडाळ, घसरणार नाही.

तुला त्या ऑफिसात नेलं नाही त्याचं कारण तू लिहिलंस तेच होतं.

दादा

११ नोव्हेंबर

बारके,

गाडी गेली. ह्यांनी टाकीत थोडंच पेट्रोल ठेवलं, तसा नियम आहे म्हणे. बंदरावर तिला कंटेनरमध्ये घालून चारी चाकं पट्ट्यांनी बांधली. बांधणाऱ्याने एक पट्टा सैल ठेवला होता. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसतं बोट दाखवलं. त्याने सोडून पुन्हा बांधला.

घरी आल्यावर ताडपत्रीची घडी करून ठेवली. आता ती जागा रिकामी दिसते म्हणून हे तिथे उगाच झाडतात. पोचली की कळव.

वहिनी

१८ जानेवारी

दादा,

फोनवर तुला ‘गाडी आली’ एवढंच सांगितलं. बाकीचं आता लिहिते. हे पत्र मी दोनदा लांबवलं. वहिनीला फोन करून म्हटलंही, की दादाला नुसतं ‘पास झाली’ कळवू, मधलं गाळू. ती म्हणाली, “तुला काय करायचं ते कर, पण मला पुन्हा मधे ठेवू नकोस.” म्हणून सगळंच लिहिते.

जहाज बावीस डिसेंबरला लागलं. गाडी शेडमध्ये पडून होती आणि मी खोलीत दिवस मोजत. अठ्ठावीसला खिडकी उघडायच्या आधी दारात हजर. चष्मेवाल्या बाईंनी पुस्तक बघितलं, तारीख बघितली, कॅलेंडर बघितलं आणि शिक्का मारला. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

दोन तारखेला तपासणी होती. तपासनीस बुटका, कानावर पेन्सिल, तोंडावर माशी बसली तरी हलणार नाही असा. दिवे, टायर, पट्टे सगळं ठीक. दांड्याशी आला. “कंपनी कुठली?” म्हटलं, “माझा भाऊ.” त्याने रकान्यात ‘भाऊ’ असंच लिहिलं. तुझा नकाशा टेबलावर पसरून दहा मिनिटं बघितला. म्हणाला, “हात चांगला आहे.” मी फुगले.

मग तो स्टिअरिंगखाली उताणा झोपला. जोडावर लाल रंगाचं पातळ औषध फवारलं, थांबला, पुसलं, आणि वरून पांढरी भुकटी मारली. मला आरसा धरून दाखवलं. पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली होती. दांडा जिथे ब्रेकच्या पट्टीला जोडलाय, तिथल्या आतल्या कोपऱ्यात.

मी म्हटलं, “वंगण असेल.” त्याने सगळं पुसून पुन्हा केलं. पुन्हा तीच रेघ.

“तडा आहे,” तो म्हणाला. “ही गाडी इथून चालत जाणार नाही.”

“नऊ वर्षं चालवलीय मी.”

“आणखी वर्षभर चालली असती. किंवा उद्या ब्रेक दाबताना दांडा हातात आला असता. ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही.”

दादा, मी तिथे बाकावर बसले आणि मला त्या माणसाचा इतका राग आला, की काय सांगू. मग आपल्या गावाबाहेरचा उतार आठवला. पावसात, मागे ट्रक, आणि मी त्याच दांड्यावर सगळा भार टाकलेला. राग हळूहळू उतरला.

त्याने एका वेल्डरचा पत्ता दिला. गाडी दुसऱ्या गाडीवर घालून नेली. वेल्डरने तुझ्याच नकाशावरून जाड पट्टी कापली. म्हणाला, माप, कोन, सगळं बरोबर आहे. फक्त आतला कोपरा चौकोनी सोडलाय, तो गोल हवा होता. सगळा ताण तिथे जाऊन बसतो. त्याने गोल केला. बारा तारखेला पुन्हा तपासणी झाली. रेघ नाही. पास.

परवापासून नव्या लॅबमध्ये गाडीने जाते. पंचवीस मिनिटं लागतात. मालकीणबाईंनी फाटकाजवळची जागा मला दिली.

तुला वाईट वाटणार हे माहीत आहे. तरी लिहिलं.

बारकी

५ फेब्रुवारी

बारकीस,

पत्र दुपारी आलं. वाचलं. गॅरेजचं शटर खाली ओढून आत बसलो. कोपरा चौकोनी सोडला, कारण गोल करायला कानस मारत बसावं लागलं असतं. तुझा वाढदिवस दोन दिवसांवर होता. मला घाई होती. बाकी कारण काही नाही. वेल्डर म्हणतो ते बरोबर आहे.

मग लक्षात आलं. तुझा बघून आणखी दोघांनी तसाच दांडा करून घेतला होता. मास्तरांनी आणि स्टेशनरोडच्या शिंपीणबाईंनी. दोघांचे कोपरे चौकोनीच.

शटर उघडून निघालो. मास्तर म्हणाले, मी वर्षभर गाडीला हात लावलेला नाही, घेऊन जा. शिंपीणबाई मशीनवर होत्या. पायांनी चालत नाही म्हणून हाताचं चाक फिरवत शिवतात, तू बघितलंयस. मी चावी मागितली. त्या म्हणाल्या, “दोन दिवसांनी बघू. लग्नाचे कपडे पोचवायचेत. माझा दांडा उत्तम चालतो.”

मी म्हटलं, आजच. कारण सांगायला वेळ लागला. त्यांनी मशीन थांबवून ऐकलं. मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या दांड्याला तडा गेला. तुमचाही मीच केलाय, तसाच.

त्या म्हणाल्या, “मग सहा वर्षं मी कशाच्या भरवशावर फिरत होते?”

मी म्हटलं, “माझ्या.”

त्यांनी चावी काढून टेबलावर ठेवली.

लाल औषध शहरातून मागवलं. मिळतं, कोणालाही मिळतं. नऊ वर्षं मिळत होतं. मास्तरांचा जोड चांगला निघाला. शिंपीणबाईंच्या जोडात रेघ होती. तुझी केसाएवढी म्हणतेस. ही बोटभर लांब होती. वहिनीला बोलावून दाखवली. तिने आपलं बोट रेघेशेजारी धरून बघितलं.

दोन्ही नवे केले. जाड पट्टी, कोपरे गोल. तोवर शिंपीणबाईंना मी गॅरेजच्या गाडीने सोडत होतो, कपड्यांच्या गठ्ठ्यांसकट. पहिले तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाल्या, शर्ट द्या, बाही उसवलीय.

नंतर नोंदणी ऑफिसात गेलो. त्या बाईला लाल औषध आणि पांढरी भुकटी दाखवली, कसं वापरतात ते सांगितलं. रांगेत थांबूनच सांगितलं. तिने दोन डबे ऑफिससाठी लिहून घेतले.

काल शिंपीणबाईंची गाडी परत दिली. त्या बसल्या, गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या आणि ब्रेक दाबला. वळून परत आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा दाबला. असं चार वेळा. मी दारात उभा होतो. पूर्वी त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मला बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण त्या दाबून बघत होत्या, ते मला पटलं.

तूही रोज निघायच्या आधी दाबून बघत जा.

दादा